तिजोरीत खडखडाट झाला की आधी कोण बुडतो? नागपूरचे छोटे कंत्राटदार आणि ठिय्यावरचे मजूर

२०२५ सालात महाराष्ट्रातील सरकारी कंत्राटदार पुन्हा पुन्हा रस्त्यावर आले. धरणे झाली, निवेदने झाली, काम बंद आंदोलन झाले. मागणी एकच होती : केलेल्या कामाचे पैसे द्या. सार्वजनिक बांधकाम, जलजीवन मिशन, ग्रामविकास, जलसंपदा, नगरविकास अशा खात्यांकडे मिळून सुमारे ८९ हजार कोटी रुपयांची बिले थकल्याचा कंत्राटदार संघटनांचा दावा होता. जुलैमध्ये सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातल्या एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. सप्टेंबरमध्ये आपल्या नागपुरातल्याच एका ज्येष्ठ कंत्राटदाराने आत्महत्या केली. दोन्ही वेळा सहकाऱ्यांनी थकीत बिलांचा आणि कर्जाचा ताण बोलून दाखवला. आत्महत्येमागे कधीच एक कारण नसते, हे आम्ही सामाजिक कार्यकर्ते म्हणून जाणतो. तरीही केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळाले असते तर ताणाचे एक मोठे कारण तरी कमी झाले असते, हे नाकारता येत नाही.

या बातम्या आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आल्या आणि गेल्या. फारशी चर्चा झाली नाही. कारणही उघड आहे. कंत्राटदार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मोठ्या गाडीतला, नेत्याच्या मागेपुढे करणारा, टक्केवारी वाटणारा माणूस. त्याची बिले थकली तर आंबेडकरी तरुणांनी का हळहळावे, असा प्रश्न आम्हालाही विचारला गेला.

आमचे उत्तर असे आहे. तो मोठ्या गाडीतला माणूस या संकटात बुडत नाही. बुडतात ते दुसरेच. त्यात इंदोरा, टेका, पाचपावली, रामबाग, इमामवाडा अशा वस्त्यांतून तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडलेली, नोकरी न मिळाल्याने छोट्या कंत्राटाकडे वळलेली पहिली पिढी आहे. आणि त्यांच्या खाली, सकाळी सातला डबा घेऊन ठिय्यावर उभे राहणारे आपलेच बाप, भाऊ आणि बहिणी आहेत. म्हणून हा प्रश्न आपला आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे.

शहरात क्रेन दिसतात, मग मंदी कुठे आहे?

नागपुरात फिरणाऱ्याला मंदी आहे हे पटणार नाही. मेट्रोचा सुमारे ४० किलोमीटरचा पहिला टप्पा पूर्ण झाला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. उड्डाणपूल, सिमेंट रस्ते, मिहानचा परिसर, जिकडे पाहावे तिकडे बांधकाम.

पण या मोठ्या कामांचा पैसा वेगळ्या नळातून येतो. मेट्रोला जर्मनी आणि फ्रान्सच्या विकास वित्तसंस्थांचे कर्ज मिळाले. समृद्धी महामार्ग रस्ते विकास महामंडळाने कर्ज उभारून बांधला. ही कामे करणाऱ्या कंपन्या मोठ्या आहेत, बहुतेक बाहेरच्या आहेत आणि बँका त्यांच्या दारात येतात.

स्थानिक कंत्राटदाराचे काम असते वस्तीतला रस्ता, नाली, समाजभवन, शाळेची खोली, पाण्याची टाकी, गावाची नळ योजना. याचा पैसा राज्याच्या वार्षिक अर्थसंकल्पातून, जिल्हा नियोजन समितीतून, आमदार-खासदार निधीतून किंवा केंद्राच्या योजनेतून येतो. तिजोरी आटली की आधी हाच नळ बंद होतो. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज थांबवता येत नाही. राजकीय घोषणा थांबवणे सरकारला परवडत नाही. थांबवता येते ते झालेल्या कामाचे बिल, कारण त्याच्या मागे मतांचा गठ्ठा नसतो.

मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट दाखवली होती. राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींपर्यंत जाईल असा अंदाज होता. त्याआधी नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक झाली होती. निवडणुकीच्या तोंडावर मंजुऱ्या आणि कार्यारंभ आदेश किती वेगाने निघाले हे नागपूरकरांनी पाहिले आहे. कंत्राटदारांची तक्रार हीच आहे की तरतूद नसताना त्याच्या कितीतरी पट कामे मंजूर केली गेली. केंद्राचीही तीच गत. जलजीवन मिशनसाठी २०२४-२५ मध्ये केंद्राने सुमारे ७० हजार कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात ते २२ हजार ७०० कोटींच्या आत आले. गावोगावी खोदलेल्या चरांचे आणि अर्धवट टाक्यांचे मूळ बऱ्याच अंशी या एका आकड्यात आहे.

म्हणजे देशाचा विकासदर वाढत असतानाही जिल्ह्याच्या पातळीवर कडक मंदी असू शकते. याआधी नागपूरच्या बांधकाम व्यवसायाला नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी असे एकापाठोपाठ एक झटके बसलेच होते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशातील बांधकाम क्षेत्र सुमारे निम्म्याने आकुंचन पावले होते. त्यातून ज्यांनी उठून पुन्हा काम धरले, त्यांच्यासाठी खाजगी बाजार मंद असताना सरकारी काम हाच आधार होता. आता तो आधारच थकबाकीदार झाला आहे.

चाळीस लाखांच्या कामाचा हिशेब

ही मंदी माणसाला कशी गाठते हे समजण्यासाठी एक नमुन्याचा हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी आहेत, पण या धंद्यातल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. जीएसटी आणि कपाती सोपेपणासाठी बाजूला ठेवू.

समजा, ४० लाखांचे अंदाजपत्रक असलेले काम आपल्या एका तरुणाने १५ टक्के कमी दराने, म्हणजे कंत्राटदारांच्या भाषेत ‘पंधरा टक्के बिलो’ भरून घेतले. कामाची किंमत झाली ३४ लाख. त्यात नफा धरला ३ लाख ४० हजार, म्हणजे प्रत्यक्ष खर्च ३० लाख ६० हजार. हा खर्च त्याने कसा उभा केला? घरचे ६ लाख, त्यात आईचे दागिने आणि वडिलांच्या निवृत्तीचे काही पैसे. बाजारातून महिना दोन टक्क्यांनी उचललेले १० लाख. सिमेंट, लोखंड, गिट्टी, रेतीवाल्याची उधारी ८ लाख. आणि पहिल्या रनिंग बिलाचे मिळालेले ६ लाख ६० हजार.

काम पूर्ण झाले. मोजमाप पुस्तकात नोंद झाली. अंतिम बिल गेले. आता २७ लाख ४० हजार यायचे आहेत आणि ‘निधी नाही’ एवढेच उत्तर मिळते.

१० लाखांवर दरमहा २० हजार व्याज चढते. सतराव्या महिन्याअखेर व्याजाने ३ लाख ४० हजार गाठले, म्हणजे संपूर्ण नफा संपला. अठराव्या महिन्यापासून तो स्वतःच्या घरातून सरकारचा रस्ता बांधतो आहे. रेतीवाला आणि लोखंडवाला तोवर थांबत नाहीत, ते त्याच्या दारात बसतात. दिवाळीच्या तोंडावर थोडा निधी येतो तो बिलाच्या रकमेचा लहानसा तुकडा असतो. शिवाय दोषदायित्वाचा काळ चालूच असतो. बिल मिळाले नाही तरी पावसाळ्यात खड्डा पडला तर दुरुस्ती त्यानेच करायची.

आता हेच काम, हीच दिरंगाई, पण माणूस दुसरा घ्या. त्याच्याकडे गहाण ठेवायला शहरात भूखंड आहे, बँकेची ओव्हरड्राफ्ट सोय आहे, तेच १० लाख त्याला वर्षाला १२ टक्क्यांनी मिळतात. त्याचे व्याज महिन्याला १० हजार. त्याचा नफा संपायला ३४ महिने लागतील. आणि तिसरा माणूस, ज्याच्याकडे घरचेच भांडवल आहे, तो व्याज न भरता कितीही थांबू शकतो. काही वर्षांनी सगळी बिले निघतील तेव्हा तो बाजारात असेल आणि स्पर्धक कमी झालेले असतील.

दिरंगाई तिघांनाही सारखीच होती. फरक फक्त थांबण्याच्या ताकदीचा आहे. बाजाराच्या भाषेत याला ‘कमकुवत घटक बाहेर पडणे’ म्हणतात. पण कोण कमकुवत आहे हे कौशल्याने ठरलेले नाही, ते आजोबांकडे काय होते यावर ठरले आहे.

मंदी जात विचारत नाही, पण ओळखते

या ठिकाणी जात येते. कुठलाही कार्यकारी अभियंता जात पाहून बिल अडवतो असा आमचा आरोप नाही. तसे घडत नसतानाही परिणाम जातीच्या रेषेवरच होतो, हे आमचे म्हणणे आहे.

बांधकामाचा धंदा उधारीवर चालतो आणि उधारी ओळखीवर. सिमेंटचा वितरक, लोखंडाचा व्यापारी, रेतीघाटाचा मालक, क्रशरवाला, बँकेचा किंवा पतसंस्थेचा संचालक, या साखळीत ज्याची भावकी आणि सोयरीक आहे, त्याला सहा महिन्यांची उधारी एका फोनवर मिळते. आपल्या पोराला पहिल्या ट्रकचे पैसे रोख मागितले जातात. असीम प्रकाश यांनी शहरी भारतातील दलित उद्योजकांवर २०१५ मध्ये लिहिलेल्या ‘दलित कॅपिटल’ या अभ्यासग्रंथात हेच दाखवले आहे : बाजार दलितांना आत येऊ देतो, पण प्रतिकूल अटींवर. चांगल्या काळात या अटी निभावून जातात. वाईट काळात त्यांचाच फास होतो.

महाराष्ट्रात छोट्या सरकारी कामांच्या वाटपासाठी ३३:३३:३४ असे सूत्र आहे. मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले नोंदणीकृत कंत्राटदार असे तीन वाटे. आपली बरीच मुले यातल्या दुसऱ्या वाट्यातून या क्षेत्रात आली, आणि ही सोय चांगलीच आहे. पण ती काम मिळेपर्यंतची आहे. मिळालेल्या कामाचे पैसे कधी मिळतील, याबद्दल ती काही बोलत नाही. नोकरी नाही म्हणून कंत्राट दिले आणि बिल न दिल्याने बेरोजगार अभियंता कर्जबाजारी अभियंता झाला.

कायद्याचे संरक्षणही इथे तोकडे पडते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागेल, असे २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. पण बांधकामाचे कंत्राट हे ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ असल्याने या कायद्याच्या कक्षेत बसत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत घेतली आहे. केंद्राच्या सार्वजनिक खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के वाटा राखीव आहे, तोही वस्तू आणि सेवांसाठी आहे. बांधकामाची कामे त्यातून बाहेर आहेत. म्हणजे खुर्च्या पुरवणाऱ्याला संरक्षण आहे, खोली बांधणाऱ्याला नाही.

कागदावर नसलेला माणूस

वाळव्याच्या तरुणाच्या मृत्यूनंतर सरकारकडून जे उत्तर आले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या नावावर कुठलेही काम नव्हते, तो मूळ कंत्राटदाराकडून काम घेणारा होता, म्हणून शासनाकडे त्याचे देणे नाही, असा त्याचा मथितार्थ होता. कागदोपत्री हे बरोबर असेलही. पण त्यातूनच या व्यवस्थेचे सर्वात मोठे भोक दिसते.

मोठे काम मोठ्या परवान्याच्या नावावर निघते आणि प्रत्यक्षात तुकड्यातुकड्यांनी पेटी कंत्राटदारांकडे जाते. एका गावची पाइपलाइन एकाकडे, टाकी दुसऱ्याकडे, खोदकाम तिसऱ्याकडे. व्यवहार बहुधा तोंडी किंवा साध्या कागदावर. खालच्या वर्गात नोंदणी असलेली किंवा नोंदणीच नसलेली आपली मुले बहुतेक इथेच असतात. सरकारने बिल अडवले की मूळ कंत्राटदार खालच्याचे अडवतो. पुष्कळदा सरकारकडून थोडे पैसे आले तरी तो आधी बँकेचे देणे फेडतो, मग इतरांचे. शेवटच्या माणसाला ना खात्याच्या यादीत स्थान, ना आंदोलनाच्या मागणीपत्रात.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही सरकारी कामे करणारी प्रचंड मोठी बांधकाम कंपनी कोसळली. तिच्याकडे सुमारे ३० हजार पुरवठादार आणि पोटकंत्राटदारांचे अंदाजे दोन अब्ज पौंड अडकले. रुग्णालये आणि शाळा पुढे कुणीतरी पूर्ण केल्या, छोट्यांचे पैसे मात्र बुडाले. त्यानंतर तिथे, सरकारी कामाचा पैसा एका वेगळ्या संरक्षित खात्यात जमा करून त्यातूनच मूळ आणि पोटकंत्राटदाराला थेट द्यावा, या पद्धतीची मागणी जोराने पुढे आली. आपल्याकडे प्रत्येक शिष्यवृत्ती आणि अनुदान थेट खात्यात जमा करण्याची यंत्रणा आहे. मग पेटी कंत्राटदाराची नोंद घेऊन त्याचा वाटा थेट त्याच्या खात्यात का टाकता येऊ नये?

शेवटी ठिय्या

साखळीचा शेवटचा दुवा पेटी कंत्राटदारही नाही. तो आहे ठिय्यावरचा मजूर : मिस्त्री, सेंट्रिंगवाला, बिगारी, रेजा. यात आपल्या वस्त्यांतले लोक आहेत, तसे छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून आलेलेही आहेत. कामे थांबली की ठिय्यावर उभे राहणारे वाढतात आणि रोज घेऊन जाणारे कमी होतात. आठवड्यात सहा दिवसांचे काम तीन दिवसांवर येते. आणि झालेल्या कामाचा चुकाराही ‘बिल निघाले की देतो’ या वायद्यावर अडकतो.

मंदीचा आणखी एक मार आहे, तो सहज दिसत नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे लाभ, म्हणजे मुलांची शिष्यवृत्ती, प्रसूतीचे आणि उपचाराचे साहाय्य, मृत्यूनंतरची मदत, हे मिळण्यासाठी नोंदणी लागते. नोंदणी आणि नूतनीकरणासाठी मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. काम कमी झाले, कंत्राटदार गायब झाला किंवा त्याने फोन उचलणे बंद केले, तर दाखला कोण देणार? म्हणजे आधाराची गरज सगळ्यात जास्त असते त्या वर्षीच मजूर लाभाबाहेर पडतो. आणि हे मंडळ ज्या पैशावर चालते तो बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर त्याच्याच कामातून जमा झालेला असतो.

इथे आम्हाला आपल्याच माणसांशी स्पष्ट बोलायचे आहे. कंत्राटदार आपला असला, त्याच्या गाडीवर निळा झेंडा असला, तरी मजुराची मजुरी अडवण्याचा त्याला अधिकार मिळत नाही. सरकारने तुमचे बिल थकवणे हा अन्याय असेल, तर तुम्ही रेजाचे चार आठवडे थकवणे हाही अन्यायच आहे. कायदाही हेच सांगतो. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्यावर येते, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि तिची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितेतही आहे. सरकारी कामावर मूळ नियोक्ता म्हणजे ते खाते. म्हणजे मजुराचे बोट अखेर सरकारकडेच वळते. कंत्राटदार आणि मजूर यांनी एकत्र येऊन बोट दाखवले तर दोघांचाही फायदा आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा केंद्राच्या सार्वजनिक बांधकामाचा विभागही त्यांच्याच खात्याखाली होता. बांधकाम आणि मजूर या दोन गोष्टी एका टेबलावर होत्या. आज बांधकाम खाते निविदा काढते, वित्त खाते पैसे अडवते, कामगार खाते मंडळ चालवते, आणि मजूर तिन्ही दारांतून परत येतो.

बहिणीला दोष देऊन सुटका नाही

थकीत बिलांची चर्चा निघाली की ‘सगळे पैसे लाडक्या बहिणींना गेले’ असे वाक्य हमखास येते. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची तरतूद होती, हे खरे आहे. तिजोरीवर तिचा भार आहे, हेही खरे. पण आपल्या वस्तीतल्या मोलकरणीला, विधवेला, रेजाला मिळणारे दीड हजार रुपये आणि तिच्याच नवऱ्याची थकलेली मजुरी यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हा आपल्याला आपसात लढवण्याचा जुना खेळ आहे. पैशाची तरतूद नसताना कामांची मंजुरी कुणी दिली, हा प्रश्न त्यात गायब होतो.

आणि आपल्या बाबतीत तर दुहेरी फटका बसला. मे २०२५ मध्ये याच योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचा ४१० कोटी ३० लाखांचा निधी वळवण्यात आला. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आदिवासी विकास विभागाचाही निधी असाच वळवला गेला. अनुसूचित जातींसाठीचा निधी इतरत्र गेला की वस्तीतला रस्ता, वसतिगृह, समाजभवन, रमाई घरकुलाचा हप्ता, यांनाच तो कमी पडणार. म्हणजे आपला कंत्राटदार, आपला मजूर आणि आपला लाभार्थी तिघेही एकाच तुटीत सापडतात. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये, तेलंगणाने २०१७ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या निधीसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा ही आंबेडकरी संघटनांची जुनी मागणी आहे. थकीत बिलांच्या प्रश्नाने तिला आणखी एक ठोस कारण दिले आहे.

मागण्यांचा क्रम महत्त्वाचा

कर्नाटकात २०१७ पासून ५० लाखांपर्यंतच्या सरकारी बांधकामांत अनुसूचित जातींच्या कंत्राटदारांसाठी १७.१५ टक्के आणि जमातींसाठी ६.९५ टक्के आरक्षण आहे. २०२३ मध्ये ही मर्यादा एक कोटीपर्यंत नेली गेली. महाराष्ट्रातही हे व्हावे असे आम्हाला वाटते. पण आजच्या स्थितीत फक्त तेवढीच मागणी केली तर आपण आणखी हजारो मुलांना थकबाकीच्या विहिरीत ढकलू. दोन वर्षे बिल न देणाऱ्या व्यवस्थेत आरक्षण म्हणजे कर्ज काढून सरकारला उधार देण्याची संधी. म्हणून आधी देयकाची हमी, मग कामातला वाटा, असा आमचा क्रम आहे.

त्यानुसार सरकारकडे पाच मागण्या ठेवता येतील.

१. २५ लाखांच्या आतील सर्व थकीत बिले एकरकमी आणि आधी द्यावीत. एकूण थकबाकीत त्यांचा भार मोठ्या बिलांच्या तुलनेत हलका, पण वाचणारी घरे जास्त.

२. प्रत्येक विभागीय कार्यालयाने थकीत बिलांची तारीखनिहाय यादी जाहीर करावी आणि बिले त्याच क्रमाने द्यावीत. यादी उघड झाली की टक्केवारीची जागाही आपोआप आक्रसते.

३. तरतुदीशिवाय कार्यारंभ आदेश देणाऱ्यावर जबाबदारी निश्चित करावी.

४. बांधकाम कंत्राटांना ४५ दिवसांचा आणि विलंब व्याजाचा नियम लागू होईल अशी कायद्यात दुरुस्ती करावी. पेटी कंत्राटदाराची नोंद सक्तीची करावी.

५. बिलातील मजुरीचा भाग आधी आणि वेगळा सोडावा. काम बंद असलेल्या वर्षी ९० दिवसांच्या अटीत मजुरांना सवलत द्यावी.

नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन आपल्या शहरात भरते. यशवंत स्टेडियमपासून निघणाऱ्या मोर्चांत आपण दरवर्षी असतो. यापुढच्या मोर्चात बेरोजगार अभियंते आणि ठिय्यावरचे मजूर एकाच फलकाखाली चालले, तर ती नवी गोष्ट असेल.

तोवर आपल्या हातात काय आहे

जी मुले आज या धंद्यात आहेत किंवा येऊ पाहत आहेत, त्यांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. निविदा भरण्याआधी त्या कामाच्या लेखाशीर्षावर प्रत्यक्ष निधी आहे का, ते विचारा. माहिती अधिकारात विचारता येते. पहिले बिल निघाल्याशिवाय दुसरे काम धरू नका. राहते घर आणि आईचे दागिने धंद्यात लावू नका. पेटीने काम घेतले तर मूळ कंत्राटदाराची सही असलेला लेखी करार, मोजमापाची प्रत आणि साइटचे तारखेसह फोटो जपून ठेवा. केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, ती नुसत्या हेलपाट्यांत घालवू नका, वेळीच वकिलाला भेटा. स्टँड-अप इंडियासारख्या योजनेत राज्याच्या सामाजिक न्याय विभागाकडून मार्जिन मनीची सोय होती. खाजगी सावकाराकडे जाण्याआधी आता तशी सोय उपलब्ध आहे का, ते तपासा.

समाजाच्या पातळीवर आपल्याकडे सरकारी नोकरांच्या पतसंस्था आहेत, निवृत्त अभियंते आहेत, लेखापाल आणि वकील आहेत. विहार समित्या आहेत. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार जरी थकीत बिल, जीएसटी, कामगार नोंदणी यांच्या मदतीसाठी ठेवला, तरी कितीतरी लोकांचे कागद मार्गी लागतील. मजुरांच्या ९० दिवसांच्या दाखल्यासाठी आपल्याच कंत्राटदारांची यादी करता येईल. पतसंस्थांनी प्रमाणित बिलावर माफक व्याजाने उचल देण्याचा विचार केला, तर वर मांडलेल्या हिशेबातला महिना दोन टक्क्यांचा फास सैल होईल.

आणि शेवटची गोष्ट. कर्जात सापडलेला माणूस आधी बोलणे बंद करतो. कार्यक्रमाला येत नाही, फोन उचलत नाही, वर्गणीच्या भीतीने रस्ता बदलतो. आपल्या ओळखीत असा कुणी असेल तर त्याच्या घरी जा, हिशेब मागायला नाही, बसायला. स्वतःला किंवा इतर कुणाला खूपच असह्य होत असेल तर टेलीमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते. बिलाचा लढा लांब चालणार आहे. तो लढायला माणसे जिवंत आणि सोबत असली पाहिजेत.